केळुसकरांनी पास केलेलं पोतं

पोत्याची शिवण कापून झाल्यावर अविनाश केळुसकरांनी शर्टाची बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात थेट पोत्याच्या पोटात घातला. वरचा थर कोणीही सजवतो, खरा माल मध्यात असतो, असं ते नेहमी म्हणत. द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये त्या रविवारी सकाळी दहा-बारा माणसं जमली होती, त्यांची सात कुत्री जमली होती, आणि शेजारच्या टॉवरमधली संपदा मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. पोतं होतं कुत्र्यांच्या ड्राय फूडचं. सहा घरांनी मिळून फरीदाबादच्या एका छोट्या कारखानदाराकडून मागवलेलं.

"काका, आधी लेबलचं सांगा ना सगळ्यांना," संपदा म्हणाली. "परवा मला सांगितलंत तसं."

केळुसकर हिंदीत सांगू लागले. जिन्नस वजनाच्या क्रमाने लिहितात, सगळ्यात जास्त असेल तो पहिला. पण तेवढ्यावर जायचं नाही. हुशार माणूस तांदूळ, कणी आणि कोंडा असे एकाच धान्याचे तीन भाग करून तीन ठिकाणी लिहितो, म्हणजे चिकन आपोआप वर सरकतं. ते तिन्ही एकत्र धरा, मग चिकन कुठे जातं बघा. 'ताजं चिकन' लिहिलं असेल तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच. नुसती 'मांसाची भुकटी' लिहिली असेल आणि कोणत्या प्राण्याची ते लिहिलं नसेल, तर सरळ विचारा. प्रोटीनचा आकडा बघून भाळू नका, सोयाबीन घालूनही तो फुगवता येतो.

या पोत्याचं लेबल मात्र स्वच्छ होतं. पहिली चिकनची भुकटी, मग तांदूळ, एकाच जागी. चरबी चिकनची. कारखान्यातून निघून जेमतेम पाच आठवडे झालेले. केळुसकरांनी मूठभर दाणे तळहातावर पसरले, भुगा किती पडतो ते पाहिलं, एक दाणा दाढेखाली धरून कट्कन फोडला. मंडळी हसली. दाणा कोरडा होता, ओल धरलेली नव्हती. मग त्यांनी ओंजळ नाकाशी नेली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"बिल्कुल फ्रेश," ते म्हणाले. "पास."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या सुनंदाताई गायकवाडांनी आपल्या बारा वर्षांच्या लॅब्राडॉरच्या डोक्यावर थोपटलं. सुनंदाताई मूळच्या नगरच्या. दिल्लीत सरकारी इस्पितळात नर्सपासून मेट्रनपर्यंत चढल्या, आणि आता बी टॉवरमध्ये त्या आणि हा जॉय, असे दोघंच राहत. "साहेबांनी पाहिलं म्हणजे झालं," त्या संपदाला म्हणाल्या.

केळुसकरांना मात्र कसलाच वास आला नव्हता. त्या दाण्यांचा नव्हे, पोत्याचा नव्हे, शेजारी हुंदडणाऱ्या ओल्या कुत्र्याचाही नव्हे. गेल्या तीन वर्षांत त्यांना कशाचाच वास आला नव्हता.

चौतीस वर्षं ते केंद्र सरकारच्या धान्य तपासणीत होते. कर्नालपासून रायपूरपर्यंतची गोदामं त्यांनी पायाखाली घातली होती. परखी, म्हणजे पोत्यात खुपसून नमुना काढायची ती पन्हळी सळई, त्यांच्या हातात पेनासारखी असे. पण त्यांचं नाव होतं ते नाकामुळे. गोदामाच्या दारात उभं राहून, आत कुठल्या थप्पीला ओल लागली आहे ते सांगत. प्रयोगशाळेचा कागद चार दिवसांनी येई आणि तेच सांगे. हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे 'नाक साहब' म्हणत, हे त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

मग कोविडच्या त्या एप्रिलमध्ये दिल्लीतल्या घराघरात ताप आला, तसा त्यांनाही आला. ताप गेला. तोंडाची चव हळूहळू परतली, निदान खारट, गोड, आंबट एवढी. वास आला नाही. पुढच्या महिन्यात येईल, असं त्यांनी धरलं. नंतर, रिटायरमेंट होऊन जाऊ दे, मग बघू. रिटायरमेंटच्या समारंभात त्यांच्या नाकावर तीन भाषणं झाली. त्यानंतर कोणाला सांगायचं म्हणजे ती तिन्ही भाषणं परत घेतल्यासारखं होतं. बायकोला, लतिकालाही त्यांनी सांगितलं नाही. फोडणीचा आवाज ऐकून ते "वा, काय घमघमाट!" म्हणत. फुलवाल्याकडून तिने पुडी आणली की मोगरा आहे का विचारत, आणि आहे म्हटलं की मान डोलवत. सवय होऊन गेली होती.

घरी त्यांनी नव्या पोत्यातले दाणे तांबूच्या भांड्यात ओतले. तांबू त्यांच्या मुलीचा, कृतिकाचा कुत्रा. गुरुग्रामच्या नव्या घरमालकाने कुत्रा चालणार नाही म्हटल्यापासून तो आजी-आजोबांकडे राहत होता. तांबूने भांड्यात नाक घातलं, काढलं, केळुसकरांकडे एकदा पाहिलं आणि पलंगाखाली जाऊन पडला.

"खात का नाहीये हो?" लतिकाने विचारलं.

"मे महिना आहे. भूक मरते त्यांची."

संध्याकाळीही तांबूने तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दही घातल्यावर त्याने दही चाटलं आणि दाणे भांड्याच्या कडेला सारून ठेवले. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येऊ लागले. अंकल, हमारा वाला नहीं खा रहा. अंकल, ये सूँघ के हट जाती है. केळुसकरांनी उत्तर लिहिलं की खाणं एकदम बदलू नये, आठ-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळून द्यावं. सल्ला बरोबरच होता, कोणत्याही डॉक्टरने हाच दिला असता. लिहून झाल्यावर ते हॉलमधून बाल्कनीत गेले, बाल्कनीतून स्वयंपाकघरात, तिथून परत हॉलमध्ये.

"काय हरवलंय?" लतिका म्हणाली.

"काही नाही."

"मग बसा की एका जागी."

ते बसले आणि पाच मिनिटांनी उठले. मंगळवारी लतिका महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगला गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. कापूर कुस्करला. फिनेलची बाटली उघडली. कांदा कापून अगदी नाकपुडीला टेकवला, तेव्हा डोळे चुरचुरले, पाणी आलं, पण वास नाही. शेवटी त्यांनी दाण्यांचा डबा उघडला आणि कितीतरी वेळ त्यात तोंड घालून उभे राहिले. लतिका आली की तिलाच म्हणावं, जरा वास घेऊन बघ. एवढं एक वाक्य. ती विचारेल, का, तुम्ही घेतलात ना? त्यांनी डबा बंद केला, आणि लतिका आली तेव्हा कांदा का कापलाय या तिच्या प्रश्नाला कोशिंबीर करत होतो असं उत्तर दिलं.

त्याच संध्याकाळी कृतिकाचा फोन आला. ती हसत होती. "बाबा, तुम्ही फेमस झालात! माझ्या इथल्या सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा व्हिडिओ आलाय. खाली लिहिलंय, चौंतीस साल के सरकारी तजुर्बे ने पास किया. लोक धडाधड ऑर्डर देतायत."

"कोणी टाकला?"

"कंपनीवाल्यानेच. जयदीप की कोण. का हो? चांगलंच आहे की!"

"हो, हो," केळुसकर म्हणाले. "चांगलंच आहे."

बुधवारी सकाळी त्यांनी स्टीलच्या छोट्या डब्यात दाणे भरले आणि फरीदाबादला निघाले. जयदीपला समोर बसवून, माल कुठे ठेवतोस, चरबी कधी फवारतोस, ते विचारायचं होतं. लतिकाला सांगितलं, जुन्या ऑफिसातल्या हरिदासला भेटून येतो. द्वारकेहून मंडी हाउसपर्यंत एक मेट्रो, तिथून दुसरी. गाडीत गारवा होता, बसायला जागाही मिळाली, तरी त्यांचे पाय थांबत नव्हते. स्टेशनांची नावं मोजत ते टाच आपटत राहिले. करोल बाग गेल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी मांडीवरचा डबा उघडला, एक दाणा नखाने फोडला, आतला रंग उजेडात धरून पाहिला.

शेजारच्या बाईंनी ओढणी नाकाला लावली.

"भाईसाहब, बंद कर दीजिए प्लीज. क्या है ये? तेल सड़ गया है इसका."

केळुसकरांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "आपको तेल की बू आ रही है?"

"आपको नहीं आ रही?"

त्यांनी झाकण लावलं. बाई उठून पुढच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

खवट. चरबी खवट झाली होती. हा शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर शिक्क्यासारखा मारला होता. लेबल खरं होतं, तारीख खरी होती, दाणा कोरडा होता. पण पोतं कारखान्यातून निघाल्यावर मे महिन्याचे दिवस कुठे काढून आलं, हे कुठल्याच लेबलवर लिहिलेलं नसतं. ते फक्त नाकाला कळतं. सात कुत्र्यांना ते पहिल्याच मिनिटाला कळलं होतं.

मंडी हाउसला ते उतरले, पण दुसऱ्या गाडीकडे गेले नाहीत. प्लॅटफॉर्मवरच्या खांबाला टेकून त्यांनी जयदीपला फोन लावला. जयदीपने आवाज चढवला नाही. पत्र्याच्या गोदामात पोती दोन-तीन आठवडे होती, हे त्याने कबूलही केलं.

"सर, गर्मी में थोड़ा-बहुत हो जाता है. लेकिन आपने तो ख़ुद सूँघकर पास किया था. मैंने तो आपके भरोसे गुड़गाँव में चालीस बोरी भेज दी."

 केळुसकर फोन ठेवतात न ठेवतात तोच दुसरा वाजला. सुनंदाताई.

"साहेब, जॉयला घेऊन डॉक्टर अंशुमनकडे आलेय. पहाटेपासून उलट्या करतोय. मला सुचेना कोणाला सांगावं."

उलट्या दिशेची गाडी येईपर्यंत केळुसकर प्लॅटफॉर्मच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिले. गार्डने एकदा हटकलं, पिवळ्या रेषेच्या मागे राहा म्हणून.

द्वारकेतल्या त्या क्लिनिकमध्ये जॉय स्टीलच्या टेबलावर आडवा पडला होता. पुढच्या पायाला सुई, वर सलाइनची बाटली. डॉक्टर अंशुमन म्हणाले की रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे, पण स्वादुपिंडाला सूज दिसते. वय झालंय, खाण्यात चरबी खराब गेली असेल तर असं होऊ शकतं. दोन दिवस ठेवून घेऊ. बाहेरच्या बाकावर सुनंदाताई ताठ बसल्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"एवढ्या उन्हात कशाला आलात?" त्या म्हणाल्या. आणि मग, "चूक माझीच आहे हो. हा पहिल्या दिवशी तोंड लावेना. बाकीच्यांनी निदान सोडून दिलं. मी बसून हाताने भरवलं. गरीब आहे, मी दिलं की खातो. पोतं उघडलं ना, तेव्हाच मला जरा खवट वास आल्यासारखं वाटलं होतं. पण म्हटलं, साहेबांनी एवढा नाकाला लावून पाहिलाय, माझंच नाक म्हातारं झालं असेल."

केळुसकर त्यांच्या शेजारी बसले. उठले. पुन्हा बसले.

"सुनंदाताई, मला वास येत नाही."

"कसला?"

"कशाचाच. तीन वर्षं झाली. तापानंतर गेला तो आलाच नाही. त्या दिवशी मी नुसतं नाटक केलं."

सुनंदाताईंनी वळून पाहिलं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर नर्सच आली. "कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवलंत?"

"नाही."

"घरी माहीत आहे?"

"नाही."

मग मात्र त्यांचा चेहरा बदलला. "माझ्या वॉर्डात एक सिस्टर होती," त्या सावकाश म्हणाल्या. "चाळिशी लागली, बारीक अक्षर दिसेना. चष्मा करून येईपर्यंत रोज इंजेक्शन दुसरीकडून भरून घ्यायची. सगळ्यांसमोर मागायची. लाज वाटायची तिला, दिसायचं मला. पण मागायची." त्यांनी पर्सची क्लिप उघडली आणि बंद केली. "तुम्ही एक शब्द बोलला असतात, की ताई, तुम्ही बघा हो जरा, तर मी सांगितलं असतं. आता जा तुम्ही. आत्ता मला तुमच्याशी बोलायचं नाहीये."

केळुसकर उठले. दारापर्यंत गेल्यावर मागे वळावंसं वाटलं, वळले नाहीत.

घरी लतिका डाळ निवडत बसली होती. त्यांनी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तापापासून जॉयपर्यंत, कांद्याची कोशिंबीर आणि हरिदासचं खोटं निमित्तसुद्धा. लतिकाचा हात ताटात तसाच राहिला.

"गॅस," ती म्हणाली.

"काय?"

"फेब्रुवारीत मी पुण्याला गेले होते. दहा दिवस. तुम्ही एकटे होतात इथे. गॅस गळला असता तर तुम्हाला कळलं असतं?"

"नाही."

"आणि मागे एकदा मी विचारलं, आमटीत काही कमी पडलंय का, तर तुम्ही म्हणालात, हिंग अगदी बरोबर पडलाय. मी त्या दिवशी हिंग घातलाच नव्हता. संपला होता. मला वाटलं, माझं मन राखताय." ती उठून बाल्कनीत गेली. कठड्याला धरून खालच्या रस्त्याकडे बघत राहिली. केळुसकर हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते, आणि तांबू त्यांच्या मागोमाग, कुठेतरी निघालोय असं समजून.

बऱ्याच वेळाने लतिका आत आली. डोळे पुसलेले होते, आवाज कोरडा होता. "गुडगावात चाळीस पोती गेलीयेत म्हणालात ना?"

"हो."

"मग फिरताय काय? ज्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय त्यांना कसं कळणार? फोन द्या इकडे. मी धरते."

पहिल्यांदा ते अडखळले. दुसऱ्यांदा त्यांनी 'तांत्रिक कारणामुळे' असं काहीतरी म्हटलं, तेव्हा लतिकाने फोन खाली घेतला. "सरकारी नोट लिहिताय का? सरळ बोला. आणि मान वर करा." तिसऱ्यांदा ते सरळ बोलले. माझं नाव अविनाश केळुसकर. रविवारी मी एक पोतं वास घेऊन पास केलं. मला तीन वर्षांपासून वास येत नाही आणि हे मी लपवलं. त्या मालातली चरबी खवट झाली आहे. कुत्र्यांना देऊ नका, दिलं असेल तर त्यांच्यावर लक्ष ठेवा. ज्यांची कुत्री खात नाहीत त्यांनी बळजबरी करू नका, त्यांना कळतंय. लेबल वाचायला मी जे शिकवलं ते बरोबर आहे, पण तेवढं पुरेसं नाही. पोतं उघडल्यावर आपल्या नाकाने वास घ्या, आणि शंका आली तर माझ्यासारख्याचं ऐकू नका.

संपदाने तो नवा व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर टाकला. कृतिकाने तिच्या सोसायटीत टाकला आणि मग फोन करून नुसतीच रडली. "मला तरी सांगायचं ना, बाबा." दोन दिवस केळुसकरांचा फोन वाजत राहिला. कोणी हिंमत की बात है म्हटलं, कोणी सरळ शिव्या घातल्या. जयदीपने धंदा बुडवलात म्हणून आरडाओरडा केला, मग आठवडाभराने गुरुग्रामची बहुतेक पोती परत उचलली, कारण लोकांनी ती खाली गेटवर आणून ठेवली होती. एका स्पॅनियलला थोडा त्रास झाल्याचं कळलं, तो सावरला. सोसायटीच्या ग्रुपने पुढच्या महिन्यासाठी दुसरं खाणं निवडलं. केळुसकरांना कोणी विचारलं नाही. ते बरोबरच होतं, पण मेसेज वाचल्यावर त्यांनी फोन तीनदा उघडून पाहिला.

जॉय चौथ्या दिवशी घरी आला. बरगड्या दिसत होत्या. खाली बागेत सुनंदाताई त्याला सावकाश फिरवत, आणि केळुसकर तांबूला घेऊन समोरून आले की मान हलवत. तेवढंच.

लतिका त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. तीन वर्षं उशीर झालाय, खात्री देत नाही, डॉक्टर म्हणाले. पण रोज दोन वेळा लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, एकेकाचा वास घेत बसा, आणि तो वास कसा होता ते आठवत राहा. केळुसकर सकाळी टेबलाशी बसत, लतिका घड्याळ धरी. वीस सेकंद लवंग. काही नाही. वीस सेकंद लिंबू. काही नाही. "उठू नका," लतिका म्हणे. "अजून दोन आहेत."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुनंदाताईंचा फोन आला. "घरी या जरा. चष्मा घेऊन या."

त्यांच्या टेबलावर कुत्र्यांच्या खाण्याची एक लहान पिशवी होती, म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी, कमी चरबीची. जॉय पंख्याखाली झोपला होता. चहा नव्हता, बिस्किटं नव्हती.

"अक्षर इतकं बारीक आहे की माझ्याने वाचवत नाही," सुनंदाताई म्हणाल्या. "वाचा."

"मी पास-बिस काही म्हणणार नाही, ताई."

"तुम्हाला विचारलंय कोणी? फक्त वाचा."

केळुसकरांनी पिशवी खिडकीशी नेली आणि वाचायला सुरुवात केली. टर्कीची भुकटी. ओट. वाटाणा. मग वाटाण्याचं पीठ, खाली वाटाण्याचा कोंडा. इथे ते थांबले. "हे तीन एकच आहेत. एकत्र केले तर टर्कीच्या वर जातील कदाचित."

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे पुढच्या बाजूला चित्र आहे तेवढी टर्की नाही. वाईट आहे की नाही ते डॉक्टर अंशुमनला विचारा. चरबी साडेआठ टक्के, ते जॉयला चालेल असं वाटतं, पण तेही विचारा."

"विचारीन." सुनंदाताईंनी कात्री घेऊन कोपरा कापला, पिशवी दाबून हवा नाकावर घेतली, पुन्हा एकदा घेतली. केळुसकर हातातला चष्मा उघडझाप करत उभे होते.

"कसा येतोय?" त्यांना राहवलं नाही.

सुनंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा वास घेतला, या वेळी जरा सावकाश. "खवट नाही. भाजलेल्या पिठासारखा आहे. बेसन भाजायला घेतो ना, अजून रंग बदललेला नसतो, तेव्हाचा. आणि मागून थोडं सुकटीसारखं काहीतरी."

केळुसकरांनी डोळे मिटले. बेसन, सुरुवातीचं, रंग बदलायच्या आधीचं. काही आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "सुकट ओली की चांगली वाळलेली?"

"चांगली वाळलेली," सुनंदाताई म्हणाल्या, आणि जॉयचं भांडं आणायला आत गेल्या.